आकडा पुस्तकातला, वीज गावची

गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आणि नगर जिल्ह्याचा काय संबंध, असे कोणी विचारले तर उत्तर अरणगावला सापडते. तिथल्या मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. 10 जुलै 1925 रोजी बाबांनी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. अशा मौनी गुरूला जे परदेशी अनुयायी लाभले, त्यांत पीट टाउनशेंड हा बहुधा सर्वांत गोंगाटी. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा हा गिटारवादक. 1969 च्या ‘टॉमी’ या अल्बमवर त्याने बाबांचे नाव छापले, आणि 1971 च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबाही हेच. त्याच्या काही वर्षे आधी, 1965 च्या सुमारास, लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्याकडे आणखी मोठा आवाज द्या म्हणून तगादा लावणाऱ्या गिऱ्हाइकांतही हाच टाउनशेंड पुढे होता. त्या तगाद्यातून शंभर वॉटचा मार्शल अ‍ॅम्प जन्माला आला आणि थोड्याच काळात त्यात चार ईएल34 व्हॉल्व्ह स्थिरावले. त्या पिढीचे अ‍ॅम्प आज साठीच्या घरात आहेत. ते अजून वाजतात, पण दुरुस्तीशिवाय नाही. असा एखादा अ‍ॅम्प नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, समजा देवळाली प्रवऱ्यात, कोणी वाजवायचे ठरवले, तर त्याची दुरुस्ती कशी असावी? माझे म्हणणे थोडक्यात असे: त्या अ‍ॅम्पचा बायस त्याच्या जन्मपत्रिकेत लिहून ठेवलेला आहे असे मानणे चूक आहे. ज्या गावच्या विजेवर तो वाजायचा ती वीज, आज हाती असलेला व्हॉल्व्ह आणि वादकाला हवा असलेला आवाज, या तिन्हींकडे बघून बायस ठरवावा लागतो. हे न ठरवता जो अ‍ॅम्प परत देतो, त्याने सुटे भाग बदललेले असतात. दुरुस्ती राहिलेलीच असते.

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातले नगरपरिषदेचे गाव. नाशिकजवळच्या लष्करी देवळालीशी त्याचा संबंध नाही. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले. 1950 साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि हा सारा पट्टा उसाचा, विहिरींचा आणि पुढे विजेच्या पंपांचा झाला. या मुलखाला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प परका नाही. गिटारचा नसेल, पण लग्नाच्या मांडवात, कीर्तनात, प्रचारसभेत, तमाशाच्या फडावर आणि जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत कर्ण्यामागे जी पेटी तापत असे, ती याच घराण्यातली. देशी व्हॉल्व्हही होते. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स 1954 साली स्थापन झाली आणि 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवू लागली. लाऊडस्पीकरच्या अ‍ॅम्पची आणि गिटारच्या अ‍ॅम्पची अंतर्रचना जवळजवळ सारखीच असते: सुरुवातीला ईसीसी83 सारखे छोटे व्हॉल्व्ह, शेवटी दोन किंवा चार मोठे पॉवर व्हॉल्व्ह, त्यांच्या आणि स्पीकरच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर. फरक अपेक्षेचा आहे. सभेत वक्त्याचा शब्द स्वच्छ पोचला पाहिजे. तिथे आवाज फाटला की मेकॅनिकची शोभा. गिटारवाल्याला मात्र आवाज कुठे फाटावा, किती फाटावा आणि फाटताना कसा लागावा, हेच हवे असते. मार्शलचा 1962 चा पहिला अ‍ॅम्प अमेरिकेच्या फेंडर बासमनच्या परिपथावरून घेतलेला होता, आणि बासमन मुळात बास गिटारसाठी केलेला. म्हणजे ज्या आवाजाला आज लोक मूळ आवाज म्हणून जपतात, तो पहिल्यापासूनच दुसऱ्या कामाच्या यंत्राकडून काढून घेतलेला आहे. हे पुढे उपयोगी पडेल.

बायस म्हणजे काय, ते एकदा नीट सांगायला हवे. व्हॉल्व्हच्या आत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि चार-साडेचारशे व्होल्टची प्लेट ते ओढून घेते. मध्ये तारेची ग्रिड असते. ग्रिडवर कॅथोडच्या मानाने ऋण व्होल्टेज दिले की इलेक्ट्रॉन अडतात. ते जितके अधिक ऋण, तितका प्रवाह कमी. गिटारची तार छेडलेली नसताना, अ‍ॅम्प नुसता चालू असताना, पॉवर व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ठरवणारे हे ऋण व्होल्टेज म्हणजे बायस. ईएल34 साठी ते साधारण उणे पस्तीस ते चाळीस व्होल्टच्या आसपास येते. ते फार ऋण ठेवले तर दोन व्हॉल्व्ह एकमेकांकडे लहर सोपवतात त्या सांध्यावर खाच पडते आणि हळू वाजवलेला सूर कोरडा, खरखरीत लागतो. फार कमी ऋण ठेवले तर व्हॉल्व्ह विश्रांतीतसुद्धा राबत राहतो, तापतो, आणि मर्यादा ओलांडली की त्याची प्लेट अंधारात लालभडक दिसू लागते. तशा अवस्थेत तो मिनिटांत खलास होऊ शकतो, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाऊ शकतो. बायस देण्याच्या पद्धती दोन. एकीत व्हॉल्व्हचा स्वतःचाच करंट कॅथोडच्या रेझिस्टन्समधून वाहतो आणि बायस आपोआप तयार होतो. व्हॉक्स एसी30 या जातीचा. दुसरीत ऋण व्होल्टेज वेगळ्या छोट्या परिपथातून येते आणि ते बाहेरून लावावे लागते. मोठे मार्शल आणि बरेचसे फेंडर या जातीचे. आपला प्रश्न मुख्यतः दुसऱ्या जातीचा आहे.

पण बायसला हात घालण्याआधी बरेच काही करावे लागते, आणि घाईत बहुतेक चुका इथेच होतात. जुन्या अ‍ॅम्पमध्ये सर्वांत आधी मरतात ते इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकतो, आणि उष्णतेत लवकर सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. नगर जिल्ह्यातला वैशाख आणि वरून व्हॉल्व्हची धग, म्हणजे हा हिशेब इथे कडक लागू. ते मेले की स्पीकरमधून शंभर हर्ट्झची घरघर ऐकू येते, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची आणि रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो. दुसरा गुन्हेगार अधिक लबाड. आधीच्या टप्प्यातून पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे सूर नेणारा छोटा कंडेन्सर गळू लागला, की सुरासोबत धन व्होल्टेजही ग्रिडवर झिरपते. बायस आपोआप कमी होतो, प्लेट लाल होते, आणि अननुभवी माणूस बायस अधिक ऋण करून रोग झाकतो. गळती पुढे वाढतच राहते. तिसरा भाग म्हणजे बायसचा स्वतःचा परिपथ: जुना सेलेनियम रेक्टिफायर, त्याचे दोन-तीन कंडेन्सर, आणि असलाच तर झिजलेला पोटेन्शिओमीटर. त्याची सरकती टाच क्षणभर सुटली की ग्रिड निराधार होते. म्हणून टाच सुटली तरी ग्रिडला पूर्ण ऋण व्होल्टेज मिळेल अशी जोडणी करून घ्यावी. हे सगळे तपासताना आपल्याकडच्या रेडिओ मेकॅनिकची दोन साधने आजही अव्वल आहेत: शंभर वॉटच्या पिवळ्या दिव्याचा सिरीज बोर्ड आणि मेन्सचा दाब हळूहळू चढवू देणारा डिमरस्टॅट. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट दबा धरून असतात, म्हणून ते रेझिस्टन्समधून रिकामे करून मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचे नाही. हे नवशिक्याचे काम नाही, हेही इथेच सांगितलेले बरे.

आता आकड्याकडे येऊ. ईएल34 च्या प्लेटने जास्तीत जास्त 25 वॉट उष्णता सोसावी, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. दुरुस्तीच्या जगात सर्वत्र चालणारा नियम असा, की विश्रांतीत याच्या 70 टक्क्यांवर जाऊ नये. पंचवीसचे 70 टक्के म्हणजे साडेसतरा वॉट. प्लेटवर 450 व्होल्ट असतील तर करंट निघतो सुमारे 39 मिलिअँपिअर. मोजायची सोपी सोय म्हणजे कॅथोड आणि चासी (अ‍ॅम्पचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये एक ओहमचा रेझिस्टन्स. त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर. त्यात प्लेटबरोबर स्क्रीनचाही, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचाही, करंट मोजला जातो, म्हणजे प्लेटचा खरा करंट दिसतो त्याहून काही मिलिअँपिअर कमीच असतो. चूक होते ती सुरक्षित बाजूला. बायस बदलला की प्लेटचे व्होल्टेजही हलते, म्हणून दोन्ही पुन्हा मोजायचे, अ‍ॅम्प अर्धा तास तापू द्यायचा आणि पुन्हा बघायचे. इथपर्यंत कोणाचे दुमत नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. 39 हा आकडा आला की पेच बंद केले जातात, जणू 70 टक्के हे गाठायचे ठिकाण आहे. मुळात ती वरची मर्यादा आहे, आणि तीही मीटर लावला त्या क्षणीच्या विजेपुरती. ती वीज दुसऱ्या क्षणी, दुसऱ्या गावात किंवा रात्री अकरा वाजता तशीच असेल, हे गृहीतच धरलेले असते.

उसाच्या पट्ट्यात हे गृहीत टिकत नाही. कागदावर आपली वीज 230 व्होल्टची, आणि 1956 च्या वीज नियमांनी तीत सहा टक्क्यांची वरखाली धरली होती. म्हणजे 216 ते 244. प्रत्यक्षात शेतीपंपांना दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळ्यांनी वीज मिळते. पाळी सुरू झाली की शेकडो मोटारी एकदम ओढ घेतात आणि दाब खाली बसतो. पाळी संपली, गाव झोपले, की डीपीजवळच्या, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरजवळच्या, घरात तो अडीचशेपर्यंत चढतो. गावठाणाचा फीडर वेगळा असला तरी उपकेंद्र तेच असते, त्यामुळे झळ पूर्ण चुकत नाही. या मुलखातल्या शेतकऱ्याला कमी दाबाची भीती नीट ठाऊक आहे, कारण दाब पडला की पंपाची मोटार जादा करंट ओढते आणि जळते. व्हॉल्व्हचे गणित नेमके उलटे आहे. त्याला मारतो तो वाढलेला दाब. इथे कोणी म्हणेल, की बायसही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येतो. मेन्स वाढले की बायसही तितकाच ऋण होईल आणि तोल आपोआप सांभाळला जाईल. अर्धे खरे आहे. सगळी व्होल्टेजे एकाच प्रमाणात वाढली तर व्हॉल्व्हमधला करंट त्या प्रमाणाच्या दीड घाताने वाढतो, आणि करंट गुणिले प्लेटचे व्होल्टेज म्हणजे उष्णता अडीच घाताने. मेन्स दहा टक्के वाढले, म्हणजे 230 चे 253 झाले, की उष्णता सुमारे 27 टक्क्यांनी वाढते. 70 टक्क्यांवर लावलेला व्हॉल्व्ह 89 टक्क्यांवर जातो. कोणी अधिक रसरशीत आवाजासाठी तो 80 टक्क्यांवर ठेवला असेल, तर तो 101 वर, म्हणजे मर्यादेबाहेर. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये ही वाढ थोडी सौम्य असते, पण एसी30 सारखे अ‍ॅम्प मुळातच मर्यादेच्या काठावर चालतात, त्यामुळे त्यांनीही निश्चिंत राहू नये.

मग करायचे काय? आधी जागेवरची वीज मोजायची: संध्याकाळी, मध्यरात्री, पंपांच्या पाळीत आणि पाळीबाहेर. समजा ती 210 ते 250 मध्ये फिरते. बायस असा लावायचा, की 250 व्होल्टलाही उष्णता 80 टक्क्यांवर जाणार नाही. उलटा हिशेब केला की 230 व्होल्टला ती 65 टक्के आणि 210 ला सुमारे 52 टक्के येते. 65 टक्के म्हणजे सव्वासोळा वॉट. 450 व्होल्टला 36 मिलिअँपिअर. पुस्तकातल्या 39 मध्ये आणि गावच्या 36 मध्ये फरक फक्त तीन मिलिअँपिअरचा. कानाला तो कळेलच असे नाही. व्हॉल्व्हच्या आयुष्याला तो नक्की कळतो. खालच्या टोकाला 52 टक्क्यांवर सांध्याची खाच ऐकू येते का, हे वाजवून बघायचे. येत असेल तर एखादा मिलिअँपिअर वाढवायचा आणि वरच्या टोकाचा धोका समजून उमजून घ्यायचा. ब्रिटिश अ‍ॅम्पच्या मागे व्होल्टेज निवडायची सोय असते. तिथे 240 चा टॅप असेल तर आपल्याकडे तोच निवडावा. त्याने कॅथोड तापवणारे फिलामेंटही सांभाळले जाते. ते 6.3 व्होल्टचे, आणि त्याला दहा टक्क्यांहून अधिक वरखाली मानवत नाही. अमेरिकन अ‍ॅम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: केवळ साठ हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर पन्नास हर्ट्झवर अधिक तापतो.

पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असेल: एवढा खटाटोप कशाला, स्टॅबिलायझर लावा. लावावा, जरूर लावावा. पण त्याने प्रश्न मिटतो असे समजू नये. घरोघरी असतो तो रिलेचा स्टॅबिलायझर पायऱ्या-पायऱ्यांनी दाब बदलतो. दोन पायऱ्यांमधली वरखाली तशीच राहते आणि रिले पडताना क्षणभर हिसका बसतो. सर्व्होचा स्टॅबिलायझर याहून बराच सरस, पण तो महाग आणि जड, आणि गावोगाव वाजवणाऱ्या वादकाबरोबर तो फिरणार नाही. स्वस्त इन्व्हर्टर तर वेगळेच दुखणे आणतो. त्याची लहर चौकोनी असते. साध्या 230 व्होल्टच्या लहरीचे शिखर 325 व्होल्टला असते आणि कंडेन्सर भरतात ते शिखरापर्यंत. चौकोनी लहरीला असे शिखरच नसते, म्हणून प्लेटचे व्होल्टेज बरेच खाली येते, ट्रान्सफॉर्मर भणभणतो आणि ती भणभण स्पीकरमध्ये उतरते. म्हणजे साधन कोणतेही घ्या, बायस लावताना अ‍ॅम्प त्याच साधनावर असला पाहिजे. दुरुस्ती पुण्याच्या तपकीर गल्लीत झाली असेल आणि अ‍ॅम्प वाजणार राहुरी तालुक्यात असेल, तर शेवटचे मोजमाप राहुरी तालुक्यातच व्हायला हवे.

दुसरा आक्षेप कानावर विश्वास असलेल्यांचा: मीटर कशाला, आवाज सांगतो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण मिरजेला आहे. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा असा घासतात की तार तिला हलकेच लागत राहावी आणि सूर फुलावा. त्याला आकडा नाही; कान आणि हात हेच माप. वापराने घोडी झिजली की जवारी पुन्हा काढावी लागते, जसा नवे व्हॉल्व्ह घातल्यावर बायस पुन्हा लावावा लागतो. पण साम्य तिथेच संपते. जवारी चुकली तर सूर बिघडतो, तंबोरा जळत नाही. व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर चालत असताना आवाज बऱ्याचदा भरदारच लागतो. कान धोक्याची सूचना देत नाही, उलट अधिक माग म्हणतो. प्लेटचा लालपणा डोळ्याला दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेले असते. म्हणून क्रम असा: आधी मीटरने वरची आणि खालची हद्द आखायची, मग त्या हद्दीच्या आत कानाने जागा निवडायची. कानाचा मान त्यामुळे कमी होत नाही. त्याला फिरायला सुरक्षित अंगण मिळते.

तिसरा आक्षेप संग्राहकांचा, आणि तो सर्वांत भावनिक. जुना कंडेन्सर काढलात, बायसचा पोटेन्शिओमीटर बसवलात, तीन पिनांची वायर घातलीत, मग उरले काय मूळचे? त्यांची धास्ती निराधार नाही. उत्साही हातांनी पोर्सेलिनचे सॉकेट, चांगले ट्रान्सफॉर्मर आणि मूळ स्पीकर उगाच उपटून अनेक अ‍ॅम्पची वाट लावलेली आहे. पण मार्शलचा मूळ आवाजही बासमनकडून घेतलेला होता, तेव्हा अ‍ॅम्पचे मूळपण कुठे वसते हे ठरवायला हवे. आवाजाचे वळण ठरते ते परिपथाच्या रचनेने, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळणीने, स्पीकरच्या कागदाने. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर झिजून संपण्यासाठीच असतो. तो मेल्यावर त्याच्या जागी तितक्याच क्षमतेचा नवा घालणे म्हणजे मूळ रचनेला पुन्हा कामाला लावणे. ज्या अ‍ॅम्पमध्ये बायस ठराविक रेझिस्टन्सने बांधलेला होता, तो बांधणाऱ्याने त्या काळचा व्हॉल्व्ह आणि त्या देशाची वीज गृहीत धरली होती. आज व्हॉल्व्ह येतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून. एकाच नावाच्या दोन जोड्यांचा करंट एकसारखा नसतो, आणि 2022 साली रशियाच्या निर्यातबंदीने दाखवून दिले की हवी ती जोडी नेहमी मिळेलच असेही नाही. गृहीतेच बदलली असताना जुना रेझिस्टन्स तसाच ठेवणे ही निष्ठा नव्हे. काढलेले भाग पिशवीत घालून पेटीतच जपून ठेवावेत. संग्राहकाचा हक्क तेवढ्याने राखला जातो. एका बाबतीत मात्र तडजोड नको, आणि ती म्हणजे अर्थिंग. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये दोन पिनांचा प्लग आणि मेन्सपासून चासीला जोडलेला एक कंडेन्सर असे. तो शॉर्ट झाला की चासी जिवंत. गिटारच्या तारा चासीला जोडलेल्या असतात. 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच गेला. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल खोल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते, हे प्रत्येक वायरमनला माहीत असते. तेव्हा तीन पिनांची वायर घालून भागत नाही. मांडवातली तिसरी पिन खरोखर जमिनीला भिडली आहे का, तेही मोजावे लागते.

शेवटचा आक्षेप सर्वांत रोखठोक: ही सगळी हौस आहे. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प हलका, स्वस्त, कमी विजेचा. आणि आता तर संगणकी पेटीत वीस जुन्या अ‍ॅम्पचे आवाज मिळतात. बहुतेक वादकांसाठी हे बरोबर आहे, आणि व्हॉल्व्हभोवती जे गूढ उभे केले जाते त्यातले निम्मे विक्रेत्यांचे आहे. पॉवर व्हॉल्व्ह हळूहळू, गोलाई राखून फाटतो, जोरात वाजवले की रेक्टिफायर व्हॉल्व्हमागे व्होल्टेज किंचित बसते आणि सूर दबून पुन्हा वर येतो. ही कारणे भौतिकशास्त्राची आहेत आणि त्यांची नक्कल करता येते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची बाजू मला दुसऱ्याच कारणाने पटते. तो उघडला की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, प्रत्येक जोड सोल्डरिंग आयर्नने सुटतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळलाच तर तो गुंडाळण्याचे मूलभूत कसब उसाच्या पट्ट्यातल्या बाजारगावांत आहे, कारण तिथे जळालेल्या मोटारी भरणारी दुकाने आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक गुंडाळायचे तंत्र वेगळे असते, ते शिकावे लागेल. पण तांब्याची तार, वार्निश आणि वेढे मोजायची शिस्त हाताशी आहे. आजच्या संगणकी पेटीचा बोर्ड बिघडला तर तो तालुक्याच्या गावी कोणी दुरुस्त करणार नाही. तो बदलला जाईल किंवा फेकला जाईल. जे यंत्र आपल्या गावात उघडता, समजता आणि पुन्हा लावता येते, त्याला साठ वर्षांनंतरही अर्थ उरतो. पुढची साठ वर्षेही तो उरेल, पण दुरुस्ती करणाऱ्याने पुस्तकातला आकडा उतरवण्यापुरते काम केले नाही तरच.

म्हणून ज्यांच्याकडे असा अ‍ॅम्प आहे, मग तो गिटारचा असो की आजोबांच्या मंडपवाल्या धंद्यातला कर्ण्याचा, त्यांना एक विनंती. दुरुस्ती झाली की पेटीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर तारीख, गाव, मेन्सचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्होल्टेज, प्लेटचे व्होल्टेज, प्रत्येक पॉवर व्हॉल्व्हचा करंट आणि बदललेल्या भागांची यादी लिहा. व्हॉल्व्ह बदलला, अ‍ॅम्प दुसऱ्या गावी गेला किंवा डीपी बदलली, की पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्याखाली नवा लिहा. जुना खोडू नका.